सीमाभागातली लंगडणारी मुलं : आजार किती, उशीर किती

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेच्या बाईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या पटावर तीन मुलं आहेत. आठ वर्षांचा एक मुलगा जन्मापासून पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालतो. सहा वर्षांची एक मुलगी एका अंगाला झुकत चालते, पण तिला दुखत काहीच नाही. तिसरा जांभळावरून पडला, कोपर मोडलं, गावातच कामट्या बांधल्या, आणि आता त्याची बोटं आखडून आत वळली आहेत. गरीब देशांत मुलांच्या हाडासांध्यांची दुखणी जास्त असतात असं बाईंच्या वाचनात आलं. त्या विचारतात, आपल्याकडे हे आजार खरंच जास्त आहेत का, आणि या तिघांचं आता काही होईल का?

बाई, आधी पहिला भाग. जन्मजात वाकडं पाऊल, ज्याला आम्ही हाडांचे डॉक्टर क्लबफूट म्हणतो, ते जगात सगळीकडे साधारण हजार बाळांमागे एकाला असतं. स्वीडनमध्येही असतं आणि तुमच्या तालुक्यातल्या जांबोटीतही. अशी जगातली सुमारे ८० टक्के बाळं कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जन्मतात. याचं मुख्य कारण एवढंच की बाळंच तिकडे जास्त जन्मतात. फरक पुढे पडतो. स्वीडनमध्ये आठ वर्षांचा मुलगा पावलाच्या कडेवर चालत शाळेत येताना दिसणार नाही. त्याचं पाऊल तो पहिलं पाऊल टाकायच्या आधीच सरळ झालेलं असतं. आपल्याकडे मात्र दरवर्षीच्या नव्या मुलांत आधीच्या वर्षांची राहिलेली मुलं मिळत जातात, आणि हा साठा म्हणजेच आपला भार. काही आजार गरिबीमुळे खरोखर वाढतात. मुडदूस, हाडाचा क्षयरोग, हाडात साचणारा पू हे त्यातले. बाकी बहुतेक ठिकाणी आजार तोच असतो, तारीख वेगळी असते.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली मांडलं की जगातल्या ५०० कोटी माणसांना सुरक्षित शस्त्रक्रिया मिळत नाही. हा आकडा काढताना जवळ ऑपरेशन थिएटर आहे का एवढंच पाहिलेलं नाही. वेळेत पोहोचता येतं का आणि खर्च झेपतो का, हेही धरलं आहे. बेळगावात थिएटरांची वाण नाही. सिव्हिल आहे, केएलईचं मोठं रुग्णालय आहे, पलीकडे मिरज आणि कोल्हापूर आहे, चोर्ला घाट उतरलं की गोवा. तरीही तुमच्या वर्गात ती तीन मुलं आहेत.

आठ वर्षांच्या मुलापासून सुरू करतो, कारण त्याची गोष्ट सगळ्यात सोपी होती आणि अजूनही बरीचशी सोपी आहे. क्लबफूटवर मोठी चिरफाड लागत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात इग्नासिओ पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांनी पद्धत बसवली, १९६३ साली ती प्रसिद्धही केली, पण सर्जन मंडळींनी तिच्याकडे पुढची तीसेक वर्षं ढुंकून पाहिलं नाही. आम्हा सर्जनांना चाकू जास्त आवडतो, दुसरं काय! पद्धत अशी : दर आठवड्याला पाऊल हाताने हळूहळू योग्य दिशेला आणायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. पाच ते सात प्लास्टरांत पाऊल फिरतं. मग बहुतेक बाळांत टाचेमागची जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), जागा बधिर करून, एका लहानशा छेदाने मोकळी करायची आणि तीन आठवडे शेवटचं प्लास्टर. शीर आपोआप लांब होऊन जुळते. त्यानंतर दांडीचे बूट : दोन बूट आणि त्यांना जोडणारी एक दांडी. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार वर्षांचं होईपर्यंत फक्त झोपेत.

युगांडा आणि मलावीत ही प्लास्टरं घालायला डॉक्टर पुरेसे नव्हते, म्हणून तिथे प्रशिक्षण दिलेल्या इतर आरोग्य कर्मचाऱ्यांनी ती घातली, आणि पावलं सरळ झाली. म्हणजे कौशल्य दुर्मीळ नाही, सामानही महाग नाही. गाडी अडते ती बुटांपाशी. पाऊल सरळ दिसायला लागलं की घरच्यांना वाटतं, झालं काम. बाळ रात्री रडतं, आज्जी म्हणते, ‘काढ की ते लोखंड, लेकराला कशाला छळतीस?’ बूट माळ्यावर जातात आणि वर्ष-दोन वर्षांत पाऊल पुन्हा आत वळतं. बूट नीट वापरले तर हे क्वचित होतं. सोडले तर बहुतेक पावलांचं होतं.

आपल्या भागात यात आणखी एक गाठ आहे, आणि तिच्याबद्दल कुठल्या अहवालात वाचलेलं मला आठवत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी चंदगडला किंवा गडहिंग्लजला दिलेली, माहेर बेळगाव तालुक्यात. बाळ इथे जन्मतं, प्लास्टर इथे सुरू होतात, आई-आजी दर आठवड्याला न चुकता आणतात. तीन ते पाच महिन्यांनी बाळंतीण सासरी जाते. हीच नेमकी दांडीच्या बुटांची सुरुवात असते. आता राज्य बदललं, आशाताई बदलली, बाळाची नोंद कर्नाटकातल्या तायी कार्डावर (आई-बाळाच्या तपासण्यांची नोंद ठेवणारं सरकारी कार्ड) आणि घर महाराष्ट्रात. नवीन गावातल्या आरोग्य केंद्राला या बाळाचा पत्ताच नसतो. सासरच्यांनी प्लास्टरचे दिवस पाहिलेलेच नाहीत, त्यांना दिसतात फक्त ते विचित्र बूट. उलटही होतं : माहेर कागलला, सासर निपाणीला. म्हणून पहिल्या प्लास्टरच्या दिवशी मी दोन गोष्टी विचारतो, बाळाच्या आईचं सासर कुठलं आणि बाळाचे वडील कधी येणार. लोक हसतात, पण बूट सुरू करायच्या दिवशी वडील किंवा सासूबाई समोर असल्या की निम्मं काम होतं. किती तास घालायचे ते मी कागदावर घड्याळ काढून दाखवतो. आमच्या केसपेपरवरचं इंग्रजी आणि कार्डावरचं कन्नड यांतून मराठी घराच्या हाती काही लागत नाही.

प्रवासाचं म्हणाल तर एक गोष्ट खरोखर सुधारली. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे. राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट नाही. कुणाला राजकारण वाटो, कुणाला उधळपट्टी. दर आठवड्याला कणकुंबीहून बेळगावला यायचं तर आई आणि आजी या दोघींचं भाडं वाचणं ही मोठी बाब आहे. पण महाराष्ट्रात राहणाऱ्या लेकीला ती सवलत नाही, आणि पावसाळ्यात भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांना बसच नाही. नाल्याला पाणी आलं की तिथली प्लास्टरं चुकतात. जून ते सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या तिकडच्या बाळांसाठी बेळगावात कुणा पाहुण्याकडे दीड-दोन महिने राहायची सोय होते का, ते मी विचारून घेतो. बऱ्याचदा होते.

एक गोष्ट मध्येच सांगतो. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हल्ली क्लबफूट दिसतो आणि घर हादरतं. गर्भ ठेवायचा का, इथपर्यंत प्रश्न येतो. बाकी सगळं नीट असेल आणि फक्त पाऊल वाकडं असेल, तर ते मूल धावणार आहे, सायकल चालवणार आहे. गर्भपाताचं ते कारण नव्हे.

तुमच्या मुलाचं वय आठ. तरी त्याच्यावर प्लास्टर चालतं. दहा वर्षांपर्यंतच्या न उपचारलेल्या पावलांवरही या पद्धतीचा चांगला उपयोग होतो. प्लास्टरं जास्त लागतील, शेवटी एखादी छोटी शस्त्रक्रिया लागेल, पाऊल बाळाच्या पावलाइतकं मऊ होणार नाही. पण तळवा जमिनीला टेकेल आणि चप्पल पायात बसेल. ‘आता उशीर झाला’ असं कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका.

मुलीकडे येतो. दुखत नाही आणि झुकून चालते, म्हणजे बहुधा खुब्याचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसलेला नसणार. हे जन्मजात असू शकतं. मुलींत, पहिल्या बाळात आणि पायाळू बाळात जास्त दिसतं. पहिल्या सहा महिन्यांत सापडलं तर पट्ट्यांचा एक हार्नेस घालून बहुतेक सांधे जागेवर बसतात. चालायला लागल्यावर सापडलं तर शस्त्रक्रिया. सहा-सात वर्षांच्या वयात मांडीचं हाड थोडं आखूड करून आणि खोबणीचं छप्पर फिरवून गोळा बसवावा लागतो, आणि आठ वर्षांनंतर ते करण्यात अर्थ आहे का यावर आम्हा डॉक्टरांतच वाद होतात. त्यामुळे तिघांत घाई सगळ्यात जास्त हिची, जरी ती सगळ्यात कमी तक्रार करत असली तरी.

बाळाला कडेवर घ्यायची आपली पद्धत खुब्याला फार चांगली. पाय फाकलेले राहतात, गोळा खोबणीत दाबलेला राहतो. याउलट पाय सरळ जुळवून दुपट्यात काठीसारखं घट्ट आवळणं वाईट, आणि आंघोळीनंतर पाय धरून उलटं लटकवणं त्याहून वाईट. कंबरेखाली दुपटं सैल ठेवा एवढंच माझं म्हणणं असतं. न्हाऊ घालणाऱ्या बाईला मी कधी शत्रू मानलं नाही. नव्या बाळाचा प्रत्येक सांधा रोज हाताळणारी तिच्याशिवाय दुसरी व्यक्ती गावात नाही. तिला तीन गोष्टी माहीत असल्या की पुरे : पाऊल हाताने सरळ होत नाही, लंगोट बांधताना एक मांडी दुसरीइतकी फाकत नाही, किंवा बाळ एक हात वा पाय हलवतच नाही. यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं. शेवटचं दिसलं तर त्याच दिवशी.

त्याच दिवशी का, ते जरा खोलात सांगतो, कारण तुमच्या त्या मुलीच्या बाबतीतही हे असू शकतं. तान्ह्या बाळाच्या, विशेषतः काचेच्या पेटीत राहून आलेल्या बाळाच्या, खुब्यात जंतू शिरून पू होतो. या वयात ताप येईलच असं नाही. बाळ दूध कमी पितं, लंगोट बदलताना किंचाळतं आणि एक पाय हलवत नाही. घरात म्हणतात, शीर चढली, लचक भरली. तेल चोळतात, शेक देतात. आत त्या पुवात मांडीच्या हाडाचा गोळा, जो अजून कूर्चेचा आणि मऊ असतो, काही दिवसांत विरघळतो. पंधरवड्यानंतर सूज उतरते, बाळ हसायला लागतं आणि सगळे म्हणतात, चोळल्याने बरं वाटलं. वर्षभराने ते चालायला लागतं तेव्हा एक पाय आखूड असतो. क्ष-किरण फोटोत गोळाच नसतो. या सांध्याला मी नंतर काय देणार? सांधा उघडून पू काढायला अर्धा तास लागतो. तो त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मिळाला तर मूल बहुधा पूर्ण बरं होतं. मोठ्या मुलांतही तेच : ताप आहे आणि मूल पाय टेकवायला तयार नाही, तर ती रात्र घरी काढू नये. मलम नको, इंजेक्शन देऊन ‘उद्या बघू’ नको. रक्त, सोनोग्राफी आणि गरज पडली तर लगेच ऑपरेशन. मुलांच्या हाडांच्या सगळ्या दुखण्यांत मी एकच गोष्ट गावोगाव सांगू शकणार असेन, तर हीच सांगेन.

त्या मुलीच्या आईला विचारून बघा : जन्मानंतर बाळ काचेत होतं का? एखादा पाय सुजून आठवडाभर रडली होती का? उत्तर हो असेल तर फोटो वेगळा दिसेल आणि उपायही वेगळा असेल.

आता जांभळावरून पडलेला. पाच ते सात-आठ वर्षांची मुलं पसरलेल्या हातावर पडली की कोपराच्या जरा वर हाड मोडतं. मे महिन्यात काजू, आंबा, जांभूळ, आणि आमचा ओपीडी भरलेला. मोडलेल्या हाडाच्या अगदी पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. सूज वाढत असताना वरून बांबूच्या कामट्या आवळल्या की हाताच्या स्नायूंना रक्त मिळत नाही. काही तासांत स्नायू मरायला लागतात आणि मेलेला स्नायू आकसून बोटं ओढून घेतो. जर्मन सर्जन फोल्कमन यांनी १८८१ साली हे घट्ट पट्ट्यांशी जोडून वर्णन केलं होतं. म्हणजे माहिती जुनीच आहे.

हाडवैद्यांबद्दल माझं मत सांगतो, सहकाऱ्यांना ते फारसं आवडत नाही. त्यांना शिव्या देऊन काही साधत नाही. रात्री दहा वाजता मूल पडलं तर जवळ असतो तोच, फी परवडते आणि तो आपल्या भाषेत बोलतो. मोठ्या माणसाच्या कित्येक साध्या मोडी त्याच्याकडे जुळतातही, कारण हाड स्वतःच जुळतं. पण लहान मुलाचं कोपर त्याने धरू नये. बांधलंच तर बोटं उघडी ठेवावीत, आणि मूल बांधल्यानंतर जास्त रडायला लागलं, बोट सरळ केलं की किंचाळलं, बोटं थंड किंवा निळी पडली, तर पट्टी त्याच क्षणी कापावी. सकाळची वाट पाहू नये. हे मी दोघा-तिघा हाडवैद्यांशी बसून बोललो आहे. त्यांतले काही आता कोपराची मुलं थेट पाठवतात. शाळेत कुणी पडलं तर तुम्ही एवढंच करा : हात आहे त्या स्थितीत जुन्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवून सैल बांधा, तेल चोळू नका, ओढून सरळ करू नका, आणि भूल द्यावी लागेल म्हणून खायला-प्यायला काही देऊ नका.

त्या मुलाचा हात पहिल्यासारखा होणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण स्प्लिंट (बोटं सरळ धरून ठेवणारी कडक पट्टी), व्यायाम, आखडलेले स्नायू मोकळे करणं, चांगली शीर दुसऱ्या जागी वळवणं यांतून पेन धरण्याइतकी, ताटातलं जेवण्याइतकी पकड बऱ्याच मुलांना परत मिळते. तोपर्यंत तो डाव्या हाताने लिहीत असेल तर लिहू द्या.

बाकीचं थोडक्यात. दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे असणं आणि तीन-चार वर्षांचं असताना गुडघे आपटणं हे निसर्गाचं आहे. सातेक वर्षांपर्यंत सरळ होतात. सपाट तळव्यासाठी महागडे बूट घेणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात. त्या पैशांत अंडी घ्या. काळजी कधी करायची? वाक एकाच पायात असेल, तीन वर्षांनंतर वाढत असेल, किंवा मनगटं जाड आणि उंची कमी असेल तर. मग मुडदूस तपासायचा. ऊन भरपूर असूनही तो आपल्याकडे आहे. पहिलं वर्षभर बाळाला रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब, आणि पुढे नाचणी, दूध. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि ती खानापुरात पिकते. मात्र तपासणीशिवाय ड जीवनसत्त्वाची सहा लाख युनिटची इंजेक्शनं पुन्हापुन्हा घेऊ नका, त्याने मुलं आजारी पडलेली पाहिली आहेत. आणि एखादं मूल खाली पडलेली पेन्सिल उचलताना पाठ न वाकवता गुडघ्यात बसत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षयरोग मनात आणा. औषध मोफत आहे, वर्षभर चालतं, आणि कुबड यायच्या आधी सुरू झालं तर पाठ वाचते.

कागदपत्रांचं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यातलं पथक अंगणवाडी आणि सरकारी शाळेत येतं, आणि त्यांच्या यादीत क्लबफूट आणि खुब्याचा जन्मजात दोष दोन्ही आहेत. पथक आलं की मुलांना फक्त जीभ दाखवायला लावू नका. वर्गात चालायला लावा, उकिडवं बसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा. शस्त्रक्रियेचा खर्च कर्नाटकात बीपीएल कार्डावर आयुष्मान योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतो, पण तातडीचं नसेल तर आधी सरकारी रुग्णालयाचा रेफरल लागतो. थेट मोठ्या दवाखान्यात गेलेले लोक इथेच अडकतात. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना लागू करायचा निर्णय २०२३ साली घेतला, त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. पलीकडे न्यायचं ठरवलं तर निघायच्या आधी त्या रुग्णालयात फोन करून तुमचं गाव आणि ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, ते विचारून घ्या. हाताच्या मुलासाठी यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज करा. ते देशभर चालतं, मुलाने उद्या कोल्हापुरात शिकायचं ठरवलं तरी.

तिघांना एकदम आणू नका, घरोघरी कामाचा खाडा होतो म्हणून एकही येणार नाही. आधी मुलीला. खानापूरच्या तालुका रुग्णालयातच दोन्ही खुब्यांचा एकत्र फोटो काढून घ्या, दोन्ही पायांचे गुडघे समोर ठेवून, आणि तिथूनच रेफरलचा कागद घ्या. सोबत आधार, रेशन कार्ड, तायी कार्ड आणि जन्माच्या वेळचा दवाखान्याचा कागद असेल तर तो. आईबरोबर निर्णय घेणारा माणूस हवा, वडील किंवा आजोबा. नाहीतर ‘घरी विचारून सांगते’ म्हणून परत जातात. पावलाच्या मुलाची प्लास्टरं गणेश चतुर्थीनंतर सुरू करू, पाऊस ओसरलेला असतो आणि ऊसतोड लागायची असते. हाताच्या मुलाला मात्र येत्या आठवड्यातच फिजिओथेरपीला पाठवा, त्याच्या बोटांना स्प्लिंट जितक्या लवकर लागेल तितकं पुढचं ऑपरेशन लहान होईल.